वस्ताद, त्या दिवशी तेल न लावल्याबद्दल

ती. वस्ताद यांस,
साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालण्याइतका पाय अजून वळत नाही, तेव्हा तूर्त लिहूनच.)

तुम्ही मोबाइल बघत नाही, ठाऊक आहे. तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय, मोठ्यानं वाचून दाखव म्हणून. मधेच "बास, कळलं" म्हणत उठू नका. समोरासमोर हा विषय काढला की तुम्ही "पोरं काय म्हणत्यात?" म्हणून बगल देता. म्हणून हे लिहिलं, आणि चारचौघांत लिहिलं.

ज्यांना तुम्ही माहीत नाही त्यांना आधी सांगते. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या बॅडमिंटन हॉलची किल्ली वस्तादांकडं असते. पहाटे साडेपाचला कुलूप काढायचं, कोर्ट पुसायचं, नेट ताणायचं आणि मग दारातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आमचे वेडेवाकडे स्मॅश बघायचे. वय सत्तरीच्या पुढं, कान पैलवानाचे, मोडलेले. डावा पाय जरा ओढत चालतात. पिशवीत तिळाच्या तेलाची बाटली कायम. कुणाची कंबर धरली, कुणाची मान आखडली की आमच्या भागातली निम्मी माणसं डॉक्टरच्या आधी वस्तादांना गाठतात. त्या हाताला गुण आहे, हे मी माझ्या खांद्यावरून सांगते.

तर अशा माणसानं मला तेल लावायला नकार दिला, त्याचे हे आभार.

गेल्या जुलैतली गोष्ट. पाऊस लागून राहिलेला, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर गेलं याचे मेसेज रात्रभर येत होते. आमचे मिस्टर कुपवाडला एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला. धाकट्याला ताप. मी चार तास झोपले असेन. पण सकाळचे सहा ते पावणेसात एवढाच वेळ दिवसभरात माझा असतो. त्यानंतर डबे, सात-दहाची शाळेची व्हॅन, सासूबाईंचा चहा आणि दहाला पतसंस्थेचं काउंटर. तो पाऊण तास मी सोडत नसे. पोहोचायला दहा मिनिटं उशीर झाला, म्हणून हातपाय मोकळे न करता थेट कोर्टवर उतरले. त्याआधी दोन महिने सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं डावी टाच धरायची, मग सुटायची. सुटते आहे ना, म्हणून मी सोडून दिलं होतं. बूटही चालायचेच होते, कोर्टचे नव्हे. आता वाटतं, त्या पायानं मला पुरेशा हाका मारल्या होत्या.

समोरून ड्रॉप आला. मागून पुढं झेपावण्यासाठी डाव्या पायावर जोर दिला आणि ऊस मोडावा तसा कट् आवाज आला. टाचेच्या वर कुणीतरी रॅकेट हाणली असं वाटलं. मी चिडून मागं वळले, पार्टनरला बोलणारच होते, तर ती दोन हात लांब उभी, हातात शटल घेऊन. मागं कुणीच नव्हतं. (नंतर डॉक्टर म्हणाले, दहातले नऊ पेशंट हेच सांगतात, मागून कुणीतरी मारलं म्हणून.)

गंमत म्हणजे फार दुखलं नाही. मी उठले, लंगडत बाकापर्यंत गेलेसुद्धा. सगळ्याजणी जमल्या. एकीनं पर्समधून मलम काढलं, दुसरी म्हणाली, "वस्ताद आहेत की, आत्ता बसवतील." मीही पाय पुढं केला. तुम्ही पिशवीत हात घातला नाहीत. मला बाकावर पालथं झोपायला लावलंत, दोन्ही पावलं बाकाच्या कडेबाहेर. आधी उजवी पोटरी मुठीत धरून दाबलीत, तसं उजवं पाऊल खाली झुकलं. मग डावी दाबलीत. पाऊल जागचं हललं नाही. तुम्ही तीनदा दाबलंत. मग टाचेच्या वर चार बोटांवर अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "हितं खड्डा पडलाय. शीर तुटलीया. ह्याला तेल न्हाई लावायचं. हाडाच्या डॉक्टरकडं जावा, आजच्या आज."

मी गेले. घराजवळच्या एका दवाखान्यात, कारण तिथं नंबर लवकर लागतो आणि मला दहाला काउंटर उघडायचं होतं. एक्सरे काढला. नॉर्मल. "मुरगळलंय. क्रेप बँडेज बांधा, आठवड्यानं दाखवा." पोटरी कुणी दाबून बघितली नाही. पण सगळा दोष मी त्यांच्यावर ढकलणार नाही. मला तेच ऐकायचं होतं. बोटं हलत होती, थोडं चालता येत होतं, फोटोत हाड शाबूत होतं. घरात एक तापलेलं पोर, नदीचं पाणी वाढतंय आणि मिस्टर पाळीला. अशा वेळी 'मुरगळलंय' हा शब्द किती गोड वाटतो! मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले, वस्ताद. लंगडत.

घरी जे बोलणं व्हायचं ते झालंच. सासूबाई म्हणाल्या, "दोन लेकरांच्या आईनं उड्या मारायच्या म्हटल्यावर दुसरं काय होणार?" आईचा फोन आला, तिचंही तेच, फक्त रडत. ऑफिसात एकजण म्हणाले, "मॅडम, योगा करायचा, योगा." आमच्या मिस्टरांचं दोन वर्षांपूर्वी क्रिकेट खेळताना बोट मोडलं होतं तेव्हा सगळ्यांनी मॅच कोण जिंकलं हे विचारलं होतं. असो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या काकूंनी मालिशवाल्याला बोलावून आणला. तीन बैठकीत पळायला लावतो म्हणाला. तेलाची वाटी गरम होऊन आली होती, मी पाय उशीवर ठेवला होता, आणि बेल वाजली. दारात तुम्ही, भिजलेले, छत्री उलटी झालेली. हॉलपासून आमच्या घरापर्यंत त्या पायानं चालत आलात. तीन दिवस मी हॉलवर दिसले नाही म्हणून.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"मुरगळलंय. फोटोत काही नाही."

"फोटोत हाड दिसतं. शीर कुठं दिसती?" मग माझ्याकडं बघून, "भिंतीला धरून उभ्या ऱ्हावा. आता ह्या एकाच पायावर टाच उचला बघू."

मी जोर लावला. मेंदू सांगत होता, पाय ऐकत नव्हता. एक इंचही उचलली नाही. तुम्ही त्या मालिशवाल्याकडं वळून एवढंच म्हणालात, "बाबा, तू ह्या पायाला हात लावू नगंस." आवाज चढवला नाहीत. तो वाटी तिथंच ठेवून गेला. त्या तेलात दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दिवा लावला.

सकाळी तुम्हीच वडापची रिक्षा थांबवून दारात आणलीत. मिरजेला जाताना, मागच्या सीटवर माझा पाय तुमच्या मांडीवर आणि समोर दोन कॉलेजची पोरं अंग चोरून बसलेली, तेव्हा तुम्ही ते सांगितलंत. मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, वयामुळं पाय ओढता. चोविसाव्या वर्षी जत्रेच्या फडात तुमच्या टाचेत असाच आवाज झाला होता. तालमीत एकवीस दिवस तेल जिरवलं, रोज दोन वेळा, जाणत्या हातांनी, प्रेमानं. सूज गेली. सगळे म्हणाले बरं झालं. पण टाच कधी उचललीच नाही. पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरायला, पुढं जायचं तर त्याच पायावर जोर लागतो. "कुस्ती तिथंच संपली," म्हणालात आणि लगेच ड्रायव्हरला म्हणालात, "जरा हळू, खड्डं हायत."

तुम्ही मांडीवर ठेवलेला माझा पाय दोन्ही हातांनी धरून बसला होता, पाऊल खालच्या बाजूला वळवून. मिरजेच्या डॉक्टरांनी ते बघितल्यावर विचारलं, "असं कुणी धरायला सांगितलं?" कारण नेमकं तसंच धरायचं असतं. चवडा खाली राहिला की तुटलेली टोकं जवळ येतात, पाऊल वर ओढलं की लांब जातात. मग त्यांनी मला पालथं झोपवून पोटरी दाबली. तीच तुमची रीत! तिला थॉम्पसन टेस्ट म्हणतात. सोनोग्राफीत फट स्पष्ट दिसली. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला बांधून ठेवणारी ही कंडरा, अकिलीस टेंडन, शरीरातली सगळ्यात जाड. पण टाचेच्या थोडं वर तिला रक्तपुरवठा कमी, तिथंच ती झिजते आणि तिथंच तुटते. शक्यतो दोन आठवड्यांच्या आत उपचार सुरू झाले तर बरं, नंतर टोकं आखडत जातात. पहिल्या तपासणीत ही दुखापत मुरगळ म्हणून निसटणं नवीन नाही म्हणाले. बोटं हलतात, माणूस चालतो, एक्सरे साफ येतो. नुसतं प्लास्टर घालूनही काहीजणांची जुळते. माझ्या बाबतीत त्यांनी ऑपरेशन सुचवलं. बाहेर येऊन मी रडले तेव्हा तुम्ही कँटीनमधून चहा आणलात आणि बशीत ओतून दिलात, जणू मी सहा वर्षांची आहे.

पुढचे दोन महिने मी थोडक्यात उरकते, कारण ते कंटाळवाणे होते. चवडा खाली करून बांधलेलं प्लास्टर, मग मोठा बूट, त्याच्या टाचेखाली पाचरी, दर थोड्या दिवसांनी एक पाचर कमी. वॉकर. आंघोळीला प्लास्टिकची पिशवी आणि स्टूल. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या. पाणी उतरलं, गणपती आले आणि गेले, मी खिडकीतून आरती म्हटली.

पण सात-दहाची व्हॅन राहिलीच होती. मिस्टर पाळीवरून सव्वासातला येत, सासूबाईंचे गुडघे जिना उतरू देत नाहीत. तुम्ही विचारलं नाहीत, सांगितलंही नाहीत. एका सोमवारी सातला खाली उभे होतात. थोरली स्वतःची स्वतः जाते हो, पण धाकटा पहिलीतला, रस्त्यावर सुटणारा. तुम्ही त्याला व्हॅन येईपर्यंत बैठका मारायला लावल्यात, दप्तर पाठीवर तसंच. पहिल्या दिवशी पाच. प्लास्टर निघालं तेव्हा चाळीस मारत होता. मला वरून तुमचे दोघांचे आवाज ऐकू यायचे, तो "सतरा, अठरा, वीस" म्हणायचा आणि तुम्ही "एकोणीस कुणी खाल्ला रं?" त्याच्या बाईंनी विचारलं, हा मधल्या सुट्टीत दंड का थोपटतो?

आणि तासगावचे बेदाणे. प्रत्येक रविवारी एक पुडी. ताकद येते म्हणून मला, आणि संपवायची पोरांनी.

एक गोष्ट मात्र मुद्दाम लिहायची आहे. त्या सगळ्या दिवसांत तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, की कशाला खेळत होता. सासूबाई तुमच्या देखत एकदा म्हणाल्या, आता रॅकेट माळ्यावर टाकायची. तुम्ही चहा पीत होतात. म्हणालात, "आक्का, नंदू नाटेकर सांगलीत जन्मलेले. छप्पन साली परदेशात जाऊन स्पर्धा जिंकली, तवर आपल्या देशातल्या कुणी बॅडमिंटनात जिंकली न्हवती. ती क्रिकेटवाली मानधनांची पोरगी सांगलीत खेळून मोठी झाली. आणि तुमची सून सांगलीत ऱ्हाऊन खेळायचं न्हाई म्हंजे?" नाटेकर जन्मले १९३३ साली आणि १९६१ ला अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं, हे मी तुम्ही गेल्यावर सासूबाईंना शोधून वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "ते सगळं खरं, पण त्यांना डबे करायचे होते का?" याला माझ्याकडंही उत्तर नव्हतं.

आता हिशेब देते. नऊ महिने होत आले. बूट काढला तेव्हा डावी पोटरी उजवीपेक्षा तीन सेंटीमीटर बारीक भरली होती, आता एक. जिन्याच्या खालच्या पायरीवर कठडा धरून एका पायावर टाच उचलते, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही तऱ्हेनं. उजव्यावर पंचवीस होतात. डाव्यावर काल अकरा झाल्या. बाराव्याला पाय थरथरला, फिजिओथेरपीच्या ताईंनी तिथं थांबायला सांगितलंय. पहिली एक उचलली गेली त्या दिवशी मी घरात कुणाला सांगितलं नाही, आधी तुम्हाला फोन केला. तुम्ही काहीच बोलला नाहीत, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणालात, "बरं झालं, पोरी." त्याआधी वर्षभर मी तुमची 'वैनी' होते.

ताईंनी अर्ध्या कोर्टवर, उड्या न मारता, परवानगी दिली आहे. कोर्टचे बूट घेतलेत. घड्याळात पंधरा मिनिटं आधीचा गजर लावलाय, पाय मोकळे करायला. मिस्टरांनी पाळी बदलून घेतली नाही, पण सोमवार-गुरुवार डबे ते भरणार आहेत. पोळ्या कशा निघतील ते देवाला माहीत.

मिरजेच्या वडापचे पैसे तुम्ही दिले होते, जातानाचे आणि येतानाचे. चार वेळा देऊ केले, चारही वेळा तुम्ही पोरांच्या खाऊला म्हणून परत केलेत. सोमवारी तुमच्या खुर्चीवर तिळाच्या तेलाची नवी बाटली ठेवणार आहे, ती परत पाठवू नका. खांदा परत धरलाय.

तुमची,
दोन नंबर कोर्टवरची वैनी