शालीबरोबर रंगमंचही द्या

मराठी रंगभूमी दिनी ज्येष्ठ रंगकर्मींच्या सत्काराचे आपल्या अंकातील वृत्त वाचले. सत्कार योग्यच, पण तमाशाच्या फडातला एकही कलावंत त्यात नसावा? विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत केलेल्या पहिल्या प्रयोगाची आठवण दरवर्षी निघते. तमाशासाठी लावण्या रचणारे शाहीर राम जोशी तर त्याआधीचे, आणि आपल्या सोलापूरचेच! तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचा जन्म पंढरपूरचा. राज्य सरकार तमाशाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावाने देते. मग ढोलकीवाला, सोंगाड्या, मागून सूर धरणारे झिलकरी आपल्याच यादीतून का गळतात? शिवाय शाल-श्रीफळावर फड चालत नाही. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहाच्या वर्षातल्या काही तारखा या मंडळींना विनाभाडे द्याव्यात आणि तिकिटाचा गल्लाही त्यांनाच मिळावा.

– एक नाट्यरसिक, सोलापूर