एसटीच्या नावांची नोंद वेगळीच हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझी नात अभियांत्रिकीला आहे. रात्री जेवणं आटोपली की ती इंटरनेटवरच्या एका मराठी ज्ञानकोशात लिहीत बसते. गेल्या महिन्यात तिने एसटी गाड्यांच्या नावांवर नोंद करायला घेतली. आजोबा ३४ वर्षं वाहक होते, तेव्हा माहिती माझ्याकडूनच घेतली. चार-पाच दिवसांनी तिथल्या जाणत्यांचं उत्तर आलं : विषय स्वतंत्र नोंदीएवढा मोठा नाही, महामंडळाच्या नोंदीत दोन ओळी घाला; आणि 'लोक असं म्हणतात' याला छापील संदर्भ द्या. संदर्भाचं म्हणणं मला पटलं. दोन ओळींचं अजिबात पटलं नाही.

निमआराम, हिरकणी, शिवनेरी, शिवशाही, विठाई, शिवाई एवढी यादीच द्यायची असेल तर दोन ओळी पुरेशा आहेत, वेगळी नोंद मीही मागणार नाही. पण एकेका नावामागे केवढं काय आहे! १९८२ साली दिल्लीत आशियाई स्पर्धा झाल्या आणि त्यावरून आपल्याकडे 'एशियाड' गाडी आली. आमच्या लेखी ती निमआराम, पण फलाटावर उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडी एशियाडच. त्या स्पर्धांत कोण जिंकलं हे आज कुणाला आठवत नाही, नाव मात्र राहिलं. 'हिरकणी' ही रायगडाचा कडा रात्री उतरून तान्ह्या बाळापाशी गेलेली गवळण. तिचं नाव गाडीला मिळालं आणि बसस्थानकावर आईने बाळाला पाजायला बसायच्या खोलीलाही मिळालं. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला धावली. विजेवरची पहिली 'शिवाई' १ जून २०२२ रोजी त्याच रस्त्यावर, पुण्याहून नगरला निघाली. शिवनेरी हा किल्ला आणि शिवाई ही त्या किल्ल्यावरची देवी, हे आमच्या घरातल्या लहान मुलांना गाड्यांमुळेच कळलं. काही नावं मात्र रुजली नाहीत. 'परिवर्तन' गाडीच्या अंगावर लिहिलेलं असायचं, पण 'परिवर्तन कधी आहे?' असं मला एकाही प्रवाशाने विचारलं नाही. त्यांच्यासाठी तो लाल डबाच होता. नोकरीत असताना 'लाल डबा' ऐकलं की मला लागायचं. आता त्याच गाडीला 'लालपरी' म्हणतात, ते ऐकून बरं वाटतं. तरी नोंदीत दोन्ही नावं आली पाहिजेत, कारण एकाच गाडीवर लोक रागावलेही आणि तिच्यावर त्यांनी जीवही लावला.

पण माझं खरं सांगणं कागदावर नसलेल्या नावांबद्दल आहे. नव्वदच्या सुमाराला काही वर्षं मला सुरगाण्याच्या अलीकडे एका पाड्यावरची मुक्कामाची गाडी होती. संध्याकाळी नाशिकहून निघायचं, रात्री साडेनऊला पोचायचं. चालक गाडी नेमाने उतारावर लावायचा आणि चाकाला दगड द्यायचा, कारण थंडीत सकाळी इंजिन रुसलं तर तिथे धक्का मारायला माणसं कुठून आणायची? आम्ही शाळेच्या ओट्यावर झोपायचो. समोरच्या घरातली आजी कंदील घेऊन यायची, फडक्यात नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ असायची. पैसे देऊ केले तर म्हणायची, "राहू दे भाऊ, गाडी आणतोस ना!"

सकाळी सहाला गाडी निघायची. पाड्यावर तिचं नाव 'आपली गाडी'. बोरगावला तिची वाट पाहणाऱ्या पोरांसाठी ती 'कॉलेजची गाडी'. वणीच्या पुढे टपावर दुधाच्या किटल्या चढायच्या, तिथे ती 'दुधाची'. दिंडोरीला हातात कागदांची पिशवी घेतलेली, चेहरा उतरलेली माणसं चढायची, त्यांची ती 'तारखेची गाडी'. आपलं जिल्हा न्यायालय नाशिकच्या मध्यवर्ती बसस्थानकाच्या, म्हणजे सीबीएसच्या समोरच आहे, म्हणून. गाडी एक, वाहक एक, आणि नाशिक येईस्तोवर नावं चार. माझ्या वेबिलवर, म्हणजे वाहकाच्या हिशेबाच्या कागदावर, मात्र फक्त शेड्यूलचा नंबर. त्या चार नावांत तो अख्खा रस्ता कशावर जगत होता ते कळतं, नंबरात काय कळणार?

अशी नावं आपल्या जिल्ह्यात जागोजाग आहेत. गोदाघाटावरच्या बाजाराला भाजी, कोंबड्या घेऊन येणाऱ्यांची 'बुधवारची गाडी'. सप्तशृंगीची 'गडाची गाडी'. यात्रेत गडाच्या पायथ्याशी, नांदुरीला खासगी वाहनं अडवली की वर जायला तीच. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी त्र्यंबकला ज्यादा सोडतात त्या 'फेरीच्या गाड्या'. रात्रभर चालते ती 'रातराणी'. हे नाव ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार, कारण पहाटे तीनला अर्धी गाडी झोपलेली असताना मी तिकिटांचा हिशेब जुळवत बसायचो, तेव्हा ते नाव मला सोबत करायचं.

कुणी म्हणेल, नावं सगळीकडेच असतात. असतात ना, आणि म्हणूनच नोंद हवी. केरळात खासगी बसच्या कपाळावर तिचं स्वतःचं नाव रंगवलेलं असतं, एकेका बसला एकेक, घरातल्या माणसासारखं. कर्नाटकात ऐरावत, राजहंस ही नावं गाडीच्या प्रकाराला आहेत, आपल्या शिवनेरीसारखी. आपल्याकडे प्रकाराचं नाव सरकार देतं, आणि त्याच गाडीला वेळेवरून, कामावरून, बाजारावरून गाव दुसरं नाव देतं. या दोन नावांचं एकमेकांशी काय चालतं, कुठलं टिकतं, कुठलं विरतं, हा स्वतंत्र विषय आहे. तो महामंडळाच्या नोंदीत आगारं आणि ताफ्याच्या आकड्यांमध्ये कोंबला तर गुदमरेल. पंचवटी एक्सप्रेसची स्वतंत्र नोंद कुणाला खटकत नाही, आणि खटकूही नये. पण रेल्वे जिथे कधी पोचलीच नाही त्या सुरगाणा, पेठ, कळवणच्या माणसांनी आपल्या गाडीला दिलेलं नाव कुणी टिपायचं?

छापील संदर्भाची अट योग्यच आहे. मी सांगितलं म्हणून नातीने लिहावं आणि सगळ्यांनी ते खरं मानावं, असं मी म्हणणार नाही. पण 'तारखेची गाडी' कुठल्या परिपत्रकात सापडणार? ती जिथे छापून येऊ शकते अशी जागा एकच, आपलं वर्तमानपत्र. शिवाय घाई आहे. मुक्कामाच्या कितीतरी गाड्या बंद पडल्या, पाड्यावरची पोरं मोटारसायकलवर आली. माझ्याबरोबर नोकरीला लागलेले बरेच चालक-वाहक आता नाहीत. शहरात २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक बस धावते आहे, तेव्हा एसटीच्या शहर बसमधून शाळेत गेलेली आमची पिढी संपली की निमाणीच्या थांब्यावर त्या गाड्यांना काय म्हणत होते हे सांगणाराही उरणार नाही.

म्हणून विनंती अशी : आठवड्यातून एकदा थोडी जागा द्या आणि इगतपुरीपासून मालेगावपर्यंत एकेका आगाराच्या वाचकांकडून नावं मागवा. गाडी कुठून कुठे जायची, साधारण कोणत्या वर्षांत, आणि ते नाव कोण घ्यायचं, एवढं प्रत्येकाने लिहिलं तरी पुष्कळ. जुने वाहतूक नियंत्रक, शाळामास्तर, दूध घालणारे यांना मुद्दाम विचारा. मी माझ्या जुन्या डायऱ्यांच्या मागच्या पानांवर बरीच नावं टिपून ठेवली आहेत, गावाच्या नावासकट. त्या डायऱ्या घेऊन मी आपल्या कार्यालयात केव्हाही यायला तयार आहे. सकाळची वेळ दिलीत तर बरं, नातीलाही कॉलेजआधी बरोबर आणता येईल.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
पंचवटी, नाशिक