वहीच्या तीन पानांबद्दल, ताई, मनापासून आभार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे पत्र उघड.

आमच्या वाचनालयातले जुने दिवाळी अंक स्कॅन करून टेसरॅक्ट या प्रोग्रामने त्यांतला मजकूर काढायचं काम मी डेबियन लिनक्सवर करतो. लॅपटॉप जुनाच, आय५-८२५०यू प्रोसेसरचा. एखादं पान चार सेकंदांत व्हायचं, तर कधी त्याच पानाला अर्धं मिनिट लागायचं. प्रोसेसर कधी ३४०० मेगाहर्ट्झला भिडायचा, कधी ४००वर ठाण मांडून बसायचा. दोन महिने मी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलले, वीज वाचवणारं टीएलपी टाकलं नि काढलं, वेग ठरवणारा गव्हर्नर ‘पॉवरसेव्ह’ दिसला म्हणून त्याला दोष दिला. जो तो म्हणे, सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल कर.

तुम्ही फोनवर पहिलंच वाक्य बोललात, “आता काही बदलू नका. वहीत लिहा.” वेळ, वेग, तापमान, वॉट, चार्जर लावलाय की नाही. प्रोसेसरचे हे आकडे दाखवणाऱ्या टर्बोस्टॅटमधला कुठला रकाना काय सांगतो, ते तुम्ही तासभर समजावलंत. इंटेल पीस्टेट या वेग सांभाळणाऱ्या ड्रायव्हरमधला ‘पॉवरसेव्ह’ भार आला की टर्बोपर्यंत, म्हणजे मूळ वेगाच्याही वर, जातोच, हे मला तेव्हा कळलं. प्रोसेसरचे आठही थ्रेड, म्हणजे एकाच वेळी काम चालवायच्या वाटा, जुंपले की आधी वेग चढतो आणि मग १५ वॉटच्या मर्यादेत उतरतो, तो बिघाड नव्हे, हेही. ‘नो टर्बो’च्या फाइलीत शून्य होतं, म्हणजे टर्बो सुरूच होता. तापमान ५० अंशांच्या खाली. तरी ४००!

वहीची तीन पानं भरली तेव्हा तुम्ही म्हणालात, “४००च्या प्रत्येक ओळीसमोर चार्जर लावलेला आहे. काढून बघा.” काढला, आणि डोळ्यांदेखत आकडे चढले.

माझ्या चार्जरच्या गोल पिनेत मधोमध सुईसारखी बारीक तार असते, तिच्यावरून अडॅप्टर किती वॉटचा ते लॅपटॉपला कळतं. टॉर्च मारून पाहिलं तर ती वाकलेली. टेबल जरा हललं की संपर्क तुटायचा, लॅपटॉप अडॅप्टरला ओळखेनासा व्हायचा आणि मदरबोर्ड प्रोसेसरला ‘प्रॉकहॉट’चा, म्हणजे वेग एकदम उतरवायचा, इशारा द्यायचा. सुरू होताना अडॅप्टर ओळखता येत नसल्याची सूचना येत होती, मी रोज की दाबून ती घालवत होतो. बॅटरी भरत नव्हती, तर ती म्हातारी झाली असं धरून चाललो होतो.

तो इशारा एमएसआर या प्रोसेसरच्या आतल्या नोंदीतला एक बिट बदलून बंद करता येतो, हे मी वाचलं होतं आणि करणारही होतो. तुम्ही अडवलंत. “अडॅप्टर खरंच कमी ताकदीचा निघाला तर? आधी पिन बदला.” घाईत असलेल्या माणसाला असं थांबवायला जीव लावावा लागतो, ताई. रात्री साडेदहाला, घरचं सगळं आवरून, तुम्ही तो लावलात.

नवा अडॅप्टर आला. गेले १२ दिवस विजेवर आणि बॅटरीवर वेग सारखाच आहे, वहीत रोज लिहितोय. पहिला पूर्ण झालेला अंक या रविवारी तुम्हाला पाठवतो. जोडाक्षरं अजून चुकतात, ती हाताने दुरुस्त करूनच पाठवीन.

तुमचा धाकटा भाऊ,
वाचनालयातला