900 ने भागले की प्रवासाचा वेळ निघत नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: अ‍ॅपमधील विमानप्रवासाच्या चुकीच्या वेळेबाबत व वर्गणी परत मिळण्याबाबत

महोदय,

मी आपल्या अ‍ॅपची वर्षाची वर्गणी भरली आहे. दोन विमानतळांची नावे टाकली की अंतर आणि ‘प्रवासाचा वेळ’ समोर येतो. अंतराबद्दल फारसे म्हणणे नाही. तक्रार वेळेची आहे.

गेल्या महिन्यात माझा भाऊ सकाळी 10 वाजता लंडनच्या हीथ्रोहून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर यायला निघाला. मी दुसरीकडून तिथे आधीच पोहोचलो होतो, पुढे दोघांना एकत्र जायचे होते. अ‍ॅपने दाखवले: 5,550 किमी, 6 तास 10 मिनिटे. घड्याळातला 5 तासांचा फरक वजा करून मी 11:10 धरले आणि पुढची तिकिटे अडीचची काढली. भाऊ उतरला 1 वाजून 5 मिनिटांनी. इमिग्रेशनची रांग, बॅगा, दुसरे टर्मिनल. काउंटर गाठला तोवर चेक-इन बंद. त्याच्या तिकिटावर खरी वेळ छापलेली होती. ती विचारली नाही, ही माझी चूक, मान्य.

नंतर आपला हिशेब तपासला. 5,550 ला 900 ने भागा, नेमके 6 तास 10 मिनिटे येतात. म्हणजे आपले विमान गेटवरूनच ताशी 900 किलोमीटरने सुटते आणि त्याच वेगाने गेटला येऊन धडकते! धावपट्टीपर्यंत सरकणे, रांगेत थांबणे, चढणे, उतरणे, सगळे फुकटात. वेळापत्रकात विमान गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा वेळ धरतात.

शिवाय वारा. अटलांटिकवर उंचावरचा जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे न्यूयॉर्कला जाताना साधारण आठ तास लागतात आणि येताना एखादा तास वाचतो. फेब्रुवारी 2020 मध्ये सियारा वादळाच्या वाऱ्यावर एक बोइंग 747 न्यूयॉर्कहून 5 तासांच्या आत लंडनला पोहोचले होते. आपल्या अ‍ॅपमध्ये मात्र जाता-येता 6 तास 10 मिनिटेच, मिनिटाचाही फरक नाही.

जाता जाता आणखी एक. एकक बदलून ‘मैल’ केले की 3,000 दिसतात. ते सागरी मैल आहेत, एक सागरी मैल 1.852 किमीचा. साधे मैल समजून किलोमीटर काढणाऱ्याचे सातशेहून अधिक किलोमीटर गायब होतात.

आपल्या प्रतिनिधीने ‘वेळ अंदाजे असते’ असे सांगून हात झटकले. अंदाज कधी कमी निघेल, कधी जास्त. मी दहा मार्ग वेळापत्रकाशी ताडून पाहिले, दहाही ठिकाणी आपला वेळ कमीच.

तरी ‘प्रवासाचा वेळ’ हे शब्द काढावेत किंवा तिथे गेट ते गेट वेळ दिशेनुसार वेगळा द्यावा, मैल कोणते तेही लिहावे. माझी उरलेल्या महिन्यांची वर्गणी 15 दिवसांत परत करावी. दोन्ही स्क्रीनशॉट व चुकलेल्या विमानाची तिकिटे सोबत जोडली आहेत.

आपला,
एक वर्गणीदार