वीस निवडक फोटो नकोत, एक लग्न पूर्ण दाखवा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

लग्नाच्या फोटोग्राफीत व्यवसाय म्हणून उतरू पाहणाऱ्या तरुणांसाठी आपल्या पुरवणीत लेख आला, तो मी दोनदा वाचला. हा विषय आपण घेतलात याचा मनापासून आनंद झाला. पण लेखाची निम्मी जागा कॅमेरे, ड्रोन आणि रील्स यांनीच खाल्ली. मी याच व्यवसायात आहे आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्नही ‘मॅडम, कोणता कॅमेरा घेऊ?’ हाच असतो. त्या सगळ्यांसाठी हे पत्र.

माझं म्हणणं असं, की ग्राहक भेटायला आला की त्याच्यापुढे वीस निवडक फोटो ठेवू नका. एका लग्नाचे सगळे फोटो, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, ठेवा. वीस चांगले फोटो कुणाकडेही निघतात. मावळत्या उन्हातली पाठमोरी जोडी, मागे दिव्यांचे धूसर ठिपके, हसत मागे वळून बघणारी वधू. दहा जणांची कामं शेजारी शेजारी मांडली तर कुणाचं कोणतं हे सांगता येणार नाही. घरच्या लोकांना पुढची तीस-चाळीस वर्षं बघायचे असतात ते बाकीचे शेकडो फोटो. अंधाऱ्या हॉलमधले, गर्दीतले, ओळीने उभ्या असलेल्या नातेवाइकांचे. तुम्ही कसं काम करता हे तिथे कळतं आणि भरवसाही तिथेच बसतो.

तयारीच्या खोलीचंच घ्या. खिडकीतून दिवसाचा उजेड येत असतो, त्याचं रंगतापमान, म्हणजे उजेड किती निळसर की पिवळसर याचं माप, साधारण 5500 केल्विन. डोक्यावर पिवळा दिवा, तो 3000 च्या आसपास. दोन्ही चालू ठेवून फोटो काढलात तर वधूचा अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा नारिंगी येतो आणि तो एडिटिंगमध्ये धड दुरुस्त होत नाही, कारण व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी, एकाच उजेडाचा जमवता येतो. म्हणून खोलीत शिरले की मी आधी परवानगी घेऊन दिवे बंद करते आणि आरसा खिडकीजवळ घ्यायला सांगते. लोक क्षणभर गोंधळतात. मग वधूचे वडील बाहीचं बटण लावत दाराशी येतात, त्यांना ते जमत नाही, ती हात पुढे करून लावून देते. खिडकीचा उजेड दोघांच्या हातांवर असतो. या फोटोसाठी महागडी लेन्स लागत नाही. दिवे बंद करण्याचं धाडस लागतं आणि त्या वेळी कुणालाही ‘इकडे बघा’ न म्हणण्याचा संयम लागतो.

ग्रुप फोटोंना नवीन मुलं नाक मुरडतात, याचं मला फार वाईट वाटतं. घरातली सगळी माणसं एका चौकटीत पुन्हा कधी येतील कोण जाणे. तीन ओळी असतील तर एफ/1.8 वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडून, हौस भागवू नका, मागची ओळ धूसर होईल. छिद्र लहान करून एफ/8 च्या जवळ जा, उजेड कमी पडला तर फ्लॅश लावा. प्रत्येक ग्रुपचे चार-पाच फोटो सलग घ्या, कारण कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच. आणि दोन्ही घरांतून एकेक असा माणूस आधीच मागून घ्या, जो सगळ्यांना नावाने हाक मारू शकतो.

वेगळी शैली आणायची कुठून, असं विचारतात. माझ्याकडच्या एका मुलीचं लक्ष सतत कडेच्या माणसांकडे जायचं. खुर्चीखाली खेळणारी पोरं, एकटीच बसलेली आजी, सामान सांभाळणारा मावसभाऊ. मधलं सोडून हे काय, म्हणून तिला बोलणी बसत. मी तिला म्हटलं, मुख्य विधी एकही चुकवू नकोस, पण हे सोडू नकोस. आज तिच्याकडे लोक याच फोटोंसाठी येतात. ज्यांना नुसत्या पोझ हव्यात त्यांना ती नम्रपणे दुसऱ्याचं नाव सुचवते आणि तरी तिच्या तारखा भरलेल्या असतात. याउलट, विकतचा प्रीसेट, म्हणजे एडिटिंगमधल्या रंगांचा तयार साचा, लावला की सगळ्यांची कातडी एकाच तांबूस रंगाची दिसते, झाडांची पानं राखाडी होतात आणि कपाटातल्या कपड्याचा रंग अल्बममध्ये सापडत नाही. याला शैली म्हणायला मी तयार नाही.

व्यवहाराबद्दल थोडक्यात. रॉ फाइल, म्हणजे फोटोची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल, एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिणारा कॅमेरा वापरा. तीन प्रती होऊन त्यातली एक दुसऱ्या जागी पोचेपर्यंत कार्ड पुसू नका. करार लेखीच करा: किती तास, किती फोटो, कोणत्या तारखेला, ॲडव्हान्स किती. फोटोंचा हक्क कुणाचा याचे कायदे देशोदेशी वेगळे आहेत, म्हणून तेही लिहा, आणि जाहिरातीत फोटो वापरायचे तर संमती घ्या. दर ठरवताना फक्त लग्नाचा दिवस मोजू नका. निवड, एडिटिंग, अल्बमची मांडणी, प्रवास, कॅमेऱ्याची झीज, हे सगळं त्यात येतं. एक दिवस दिसतो, त्यामागे आठवडाभराचं काम असतं. शेजाऱ्याचा दर बघून आपला कमी लावणारी कितीतरी गुणी मुलं मी हा व्यवसाय सोडताना पाहिली आहेत, आणि त्यांच्या कामात काही उणं नव्हतं.

पुढची ऑर्डर बहुधा त्याच मांडवातल्या पाहुण्यांकडून येते. तुम्ही आजोबांशी कसं बोललात, विधी चालू असताना कुणाच्या पुढ्यात उभे राहिलात का, हे ते बघत असतात.

एक विनंती आहे. या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा एक सुंदर फोटो मोठा छापण्याऐवजी, संबंधितांच्या संमतीने एकाच लग्नाचे तीस फोटो क्रमाने छापा. आणि शेजारच्या चौकटीत कराराचा एक नमुना द्या.

आपली,
एक लग्न-छायाचित्रकार वाचक