खाजनाचा बांध फुटलाय, पावसाआधी हात लावूया

गोव्यातल्या तिसवाडीतल्या आपल्या गावच्या सर्व कुळांना, गावकारांना (गावच्या सामाईक जमिनीच्या मूळ हक्कदारांना) आणि गावाबाहेर असलेल्या आपल्या माणसांना सप्रेम नमस्कार.

चैत्री पौर्णिमेच्या उधाणात मांडवीकाठच्या आपल्या खाजनाचा, म्हणजे भरतीच्या पातळीखालच्या नदीकाठच्या शेतांचा, बांध फुटला. रात्री मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, पलीकडे खांड पडली आणि सकाळी जाऊन पाहिले तर ती चौदा पावलांची झाली होती. आता रोज दोन वेळा भरतीचे पाणी सरळ शेतात शिरते आणि ओहोटीला आतली माती ओढून नेते. रोज खांड थोडी रुंद होते, थोडी खोल जाते.

सुरुवात कुर्ल्यांच्या भोकांपासून झाली. अंगठ्याएवढे भोक दिसले की त्याच दिवशी चिखलाचा गोळा दाबून ते बुजवायचे, हा आपल्या आजोबांचा नेम होता. बांधावरची ती फेरी आपणच बंद पाडली. त्यात मानस पावणीत (लिलावात) घेतलेल्याने मासळीसाठी भरतीच्या वेळी दारे उघडी अडकवून ठेवली. खारे पाणी आत तुंबले आणि बांध दोन्ही अंगांनी भिजला. त्याचा जाब सभेत विचारूच. आधी पाणी थांबवूया.

गावाबाहेर वाढलेल्या मुलांनी मानस कदाचित जवळून पाहिली नसेल. तिचे दार नदीच चालवते. भरतीचे पाणी बाहेरून रेटते तेव्हा ते मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडते. पावसाचे पाणी बाहेर पडते, नदीचे आत येत नाही. गोव्यातली हजारो हेक्टर खाजने भरतीच्या पातळीखाली असूनही पिकत आली ती या बांधामुळे आणि या दारामुळे. १५२६ साली पोर्तुगीजांनी गावकारीचे, म्हणजे गावाच्या सामाईक जमीन-कारभाराचे, रिवाज लिहून काढले, तेव्हाच ते रिवाज जुने होते. जमीन गावाची, म्हणून बांधही गावाचा, असा तो हिशेब होता.

१९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण मिळाले. ते मिळायलाच हवे होते. पण त्याबरोबर बांध आणि मानस राखण्याची सामाईक जबाबदारीही कुळांवर आली, हे आपण विसरत चाललो आहोत. ‘माझे शेत खांडीपासून लांब आहे’ असे सांगणाऱ्यांनी एकदा भरतीच्या वेळी येऊन पाहावे. पाणी मेरा ओलांडून वाड्यावरच्या विहिरींच्या दिशेने सरकते आहे. शेत पडीक ठेवले तरी खारे पाणी तिथे थांबत नाही, शेजाऱ्याच्या शेतात जाते.

सरकारी खात्याकडे अर्ज दिला आहे, पाठपुरावाही चालू आहे. पण मंजुरी येईपर्यंत पाऊस येईल. खांड त्याआधी बुजली, तर पहिल्या पावसांनी जमिनीतला खार धुऊन जाईल आणि पेरणी साधेल. नाहीतर हे वर्ष गेले, आणि पाठोपाठ खारफुटी शेतात पाय रोवेल. कोरगुट भाताचे बियाणे गावात आता दोनच घरांत उरले आहे. यंदा पेरले नाही तर पुढच्या वर्षी ते उगवेल याचा भरवसा नाही. खाऱ्या जमिनीत तग धरणारे ते भात आपण हातचे घालवू नये, ही कळकळीची विनंती.

येत्या वद्य अष्टमीच्या भांगाला भरतीचा जोर कमी असतो, तेव्हा ओहोटी लागताच काम सुरू करायचे आहे. आधी माडाचे सोट आणि बांबू रोवून, पेंढा आणि चिखल भरून पाणी अडवायचे. त्यानंतरच्या शुद्ध अष्टमीला बाहेरच्या अंगाला चिरे लावायचे. प्रत्येक घरातून निदान एक माणूस यावा. चिखल होडीतून आणावा लागेल, तेव्हा ज्यांच्याकडे होडी आहे त्यांनी ती दोन दिवस द्यावी. पेंढा, बांबू, पडलेले माड, जे असेल ते चालेल. ज्यांना उभे राहून काम जमत नाही त्यांनी पेज आणि जेवणाची बाजू सांभाळावी.

मुंबईत, आखातात, पोर्तुगालात, इंग्लंडात असलेल्यांकडे पैसे मागतो आहोत ते चिऱ्यांसाठी आणि मानशीच्या नव्या दारांसाठी. जुनी दारे किडीने खाल्ली आहेत. रक्कम कूळ संघटनेच्या खात्यातच भरावी, रोख दिल्यास पावती घ्यावी. जमा-खर्च दर रविवारी पंचायतीच्या फलकावर लागेल. आणि ज्यांची शेते पडीक आहेत त्यांनी, पैसे नसले तरी, यंदा कुणाला तरी ती कसायला द्यावीत. हक्काची भीती वाटत असेल तर संघटनेसमोर लिहून घेऊ.

अष्टमीला सकाळी मानशीवर भेटू. येताना कुदळ आणि घमेले आणा.

आपली,
कूळ संघटनेची कार्यकारी समिती