‘धक्का बसलाय’ म्हणून घरी पाठवू नका

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी सोलापूरची निवृत्त परिचारिका. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3.56 वाजता किल्लारीची जमीन हादरली, आणि पुढे कितीतरी दिवस आमच्या वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती. हाडं जुळवली, टाके घातले. एक बाई मात्र डोक्यातून गेली नाही. मार किरकोळ, दोन्ही लेकरं ढिगाऱ्याखाली गेलेली. तिला आम्ही आठवड्यात घरी सोडलं. घर कुठलं, पत्र्याचं शेड. वर्षभराने भाऊ परत घेऊन आला. तिला जमिनीखालून हाका ऐकू येत होत्या. जेवणात कुणीतरी माती कालवतंय म्हणून अन्न सोडलेलं. देवऋषी, अंगारे सगळं झालेलं. “धक्का बसलाय, नव्या घरात गेली की येईल ताळ्यावर,” असं त्याला जो तो सांगत होता. मीही सांगितलं होतं.

साहेब, धक्का बऱ्याच जणांचा ओसरतो. काहींचा सायकोसिस होतो, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येतात, खोटे संशय खरे वाटतात, आणि तो धीर देऊन जात नाही. स्वीडनमध्ये 13 लाख लोकांच्या नोंदी तपासून 2016 साली निष्कर्ष निघाला, की निर्वासितांना हा आजार होण्याचा धोका त्याच प्रदेशांतून आलेल्या इतर स्थलांतरितांपेक्षा 66 टक्क्यांनी जास्त. म्हणजे नुसतं गाव सुटल्याने नव्हे. माणूस कशातून जीव वाचवून आला, त्यानेही फरक पडतो.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीचं पाणी माढा, मोहोळच्या घरांत शिरलं. पिकांचे, जनावरांचे पंचनामे झाले. त्या घरांत आशाताईंना तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा पाठवा. नुसतं “झोप लागते का” नको. कुणी जेवण सोडलंय का, एकटंच बोलतंय का, घरच्यांवर संशय घेतंय का, हे घरातल्यांना विचारू द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर चांगला आहे, पण ज्याला हाका ऐकू येतात तो स्वतः फोन लावत नाही.

आणि गोळ्या ग्रामीण रुग्णालयात ठेवा, दर महिन्याला, न चुकता. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचाराचा हक्क दिलेलाच आहे. ती बाई गोळ्यांनी जेवायला लागली होती. पण गोळ्यांसाठी सोलापूरला यायचं म्हणजे भावाचा एक रोज बुडायचा, वर दोघांचं एसटीचं भाडं. पाच-सहा महिने आला. मग यायचा थांबला.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर